दारव्ह्यात १९७५ केव्हा आले?

हिंदी चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांना १९७५ हे साल फार सोयीचे वाटते. जानेवारीत 'दीवार', मेच्या अखेरीस 'जय संतोषी माँ', १५ ऑगस्टला 'शोले'. याच वर्षात 'आंधी', 'चुपके चुपके' आणि 'निशांत'. मराठीत त्याच साली 'सामना' आणि 'पांडू हवालदार'. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, त्यामुळे या साऱ्या चित्रपटांना एक गंभीर पार्श्वभूमीही आपोआप लाभली. संतापलेला नायक आणि संतोष देणारी माता एकाच वर्षी पडद्यावर का अवतरली, असा प्रश्न विचारून पुष्कळ चांगले निबंध लिहिले गेले. ते आम्ही आवडीने वाचले, वर्गात शिकवलेही. पण वाचताना दर वेळी एक अडचण जाणवत राहिली. त्या निबंधांतले १९७५ आम्हांला आठवत नाही. आम्ही त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला शाळेत होतो, आणि दारव्ह्यात १९७५ यायला अजून अवकाश होता.

ते आले कधी, याचा पुरावा आमच्यापाशी आहे. पुरावा म्हणजे एक शंभर पानी वही. तिच्या पहिल्या निम्म्या भागात बीजगणित आहे आणि उरलेल्या भागात आम्ही पाहिलेल्या चित्रपटांची यादी : डावीकडे तारीख, मग नाव, तिकिटाचा वर्ग आणि शेवटी अभिप्राय. अभिप्राय वाचण्यासारखे नाहीत. 'चांगला', 'फार चांगला', 'रडका' यांपलीकडे ते सहसा जात नाहीत. 'जंजीर'पुढे नुसते 'घोडा' एवढेच लिहिलेले आहे. यादी १९७६ च्या दसऱ्याला सुरू होते आणि १९७७ च्या दसऱ्याला संपते. नोंदी ४३. त्यांपैकी ज्या वर्षी मुंबईत लागले त्याच वर्षी आम्ही पाहिले असे चित्रपट दोन. सर्वांत जुना चित्रपट १९३६ चा. म्हणजे आमच्या एका वर्षात चाळीस वर्षे मावली होती, आणि ती ओळीने आलेली नव्हती.

वर्षाची सुरुवात दसऱ्याला झाली हा योगायोग. सुट्टी होती, वहीची पाने कोरी होती. पण आज वाटते, त्या वयात नकळत का होईना, दारव्ह्याच्या चित्रपटवर्षाची सुरुवात आम्ही बरोबर तिथेच केली. दारव्हा कापसाचे गाव. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभी इथून गेली तीही कापसासाठीच; पुढे लोक तिला 'शकुंतला' म्हणू लागले. दसऱ्यादिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, आणि वेचणीबरोबर गावात पैसा दिसू लागतो. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. गाडी केंद्रावर लागायची, काटा व्हायचा, ग्रेड पडायची आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणे सुरू व्हायचे. चुकारा झाला की किराणा, कापड, लग्नाची बोलणी आणि सिनेमा. चित्रपटगृहाच्या मालकाला हे पक्के ठाऊक असायचे. नावाजलेला चित्रपट तो दिवाळी ते होळी या काळात आणी. उन्हाळ्यात लग्नांच्या वऱ्हाडी मंडळींवर भिस्त. मृग लागला, काळ्या मातीचे रस्ते चिखलाने बंद झाले, आणि ज्याच्या हाती असेल नसेल तो पैसा बियाण्याखताला गेला, की मग जुने, स्वस्त भाड्याचे, पोथीपुराणाचे चित्रपट. आमच्या वहीत जुलै-ऑगस्टच्या नोंदी पाहिल्या तर १९६० नंतरचे एकही नाव नाही. चित्रपटाचा इतिहास मुंबईच्या शुक्रवारांवरून मोजला जातो. आमचा पऱ्हाटीवरून मोजावा लागेल.

दुसरे कारण व्यापाराचे आहे, आणि त्याचा नकाशा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी पाहावा असा आहे. चित्रपटाच्या धंद्यात भारताची वाटणी राज्यांनुसार होत नाही. ती 'टेरिटरी'नुसार होते. विदर्भ ज्या क्षेत्रात मोडतो त्याचे नाव आजही 'सी. पी. बेरार'. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे नाव राजकीय नकाशावरून पुसले जाऊन किती वर्षे झाली! वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. चित्रपटवितरकांना त्याची खबर दिली गेली नसावी. या क्षेत्राच्या वितरणाचे एक मोठे ठाणे अमरावती. आणि पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात गेले की क्षेत्र बदलते : मराठवाडा 'निजाम' टेरिटरीत. वितरक वेगळे, प्रती वेगळ्या, तारखा वेगळ्या. मौज अशी की १८५३ पूर्वी वऱ्हाडही निजामाच्याच ताब्यात होता. इंग्रजांनी तो आपल्या कारभाराखाली घेतला, आणि त्या एका व्यवहाराचा परिणाम असा झाला की सव्वाशे वर्षांनी नदीच्या दोन काठांवरची माणसे एकाच भाषेत बोलत वेगवेगळे चित्रपट पाहत होती.

प्रत हा शब्द वर आला. चित्रपटाच्या छापील फितीला मराठीत प्रत म्हणतात आणि हस्तलिखिताच्या नकलेलाही प्रत म्हणतात, हे फार चांगले झाले. एका क्षेत्रासाठी मोजक्या प्रती निघत. त्या आधी नागपूर, अमरावती, जबलपूर, रायपूर अशा शहरांत चालत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. ही काही आपलीच रीत नव्हे. इटलीत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची चित्रपटगृहे वेगळी ओळखली जात. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी कोणत्या गावाने किती आठवडे थांबायचे याचे तक्तेच बांधले होते, ज्यांवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये आघात केला. फरक एवढाच की आमच्याकडे थांबणे आठवड्यांत मोजण्यासारखे नव्हते. एसटीच्या टपावरून पत्र्याच्या पेट्या उतरत तोवर प्रतीने शेकडो खेळ सोसलेले असत. पडद्यावर उभ्या रेषांचा पाऊस. सांधे तुटून जोडलेले. प्रत्येक जोडणीत काही चौकटी गेलेल्या. कुठल्याशा गावच्या ऑपरेटरने नायिकेच्या नाचातल्या चार चौकटी आठवण म्हणून कापून ठेवल्या, कुठे कार्बनच्या कांड्या वाचवण्यासाठी एक आख्खे रीळ गाळले. आम्ही पाहिला तो चित्रपट आणि मुंबईकरांनी पाहिला तो चित्रपट यांत पाठभेद होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांत अशुद्धे शिरली होती म्हणून. आमच्या चित्रपटांना असा शोधक मिळाला नाही. आणि मिळाला असता तर कोणती प्रत त्याने मूळ मानली असती? 'शोले'चा दिग्दर्शकाने चित्रित केलेला शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, सेन्सॉरने आणीबाणीत बदलायला लावला; पोलीस आले आणि कायद्याची अब्रू राखली गेली. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पन्नास वर्षे सबंध देशाने जो 'शोले' पाठ केला तो मग कुठला म्हणायचा?

पण प्रतींची झीज ही एक बाजू. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो क्रम.

अमिताभ बच्चन यांच्या विजय या नायकाची वाटचाल समीक्षकांनी नीट आखून दिली आहे. 'जंजीर' (१९७३) मध्ये तो पोलीस निरीक्षक आहे. व्यवस्थेच्या आत राहून तिच्यावर चिडतो. 'दीवार'मध्ये तो गोदीतला हमाल आणि मग तस्कर होतो. व्यवस्थेच्या बाहेर पडतो. दोन वर्षांत वर्दी गेली. यावरून सत्तरच्या दशकातल्या मोहभंगाचा आलेख काढतात, आणि तो मुंबई-दिल्लीच्या प्रेक्षकापुरता पटतोही. आमच्या वहीतला क्रम असा : दिवाळीच्या सुट्टीत 'मदर इंडिया' (१९५७), त्यानंतर तीन आठवड्यांनी 'दीवार', आणि फेब्रुवारीत 'जंजीर'. म्हणजे आधी आईने मुलाला गोळी घातली. मग दुसऱ्या आईच्या एका मुलाने दुसऱ्याला गोळी घातली आणि तो तिच्या मांडीवर, देवळात मेला. आणि मग तोच विजय वर्दी घालून परत आला. आमच्या वर्गात या घटनाक्रमावर खरीखुरी चर्चा झाली होती. 'दीवार'मध्ये मेलेल्याला सुधारण्याची संधी मिळाली, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याला वाटले, ही आधीची हकिगत असणार. नोकरी सुटल्यावर तो मुंबईला जाऊन हमाल झाला असेल. हे दुसरे मत, पाहा, समीक्षकांच्या आलेखाशी तंतोतंत जुळते, आणि ते वर्षांची माहिती नसलेल्या एका नववीतल्या मुलाने काढलेले होते. बहुसंख्यांना मात्र पहिलेच पटले. आमच्या पिढीच्या दारव्ह्यातल्या मुलांना अमिताभचा नायक व्यवस्थेबाहेर जाणारा वाटलाच नाही. तो परत आलेला वाटला. मोहभंगाचा सिद्धान्त आम्ही पुढे नागपूरला शिकताना ग्रंथालयात वाचला आणि मान्य केला. आज विचार केला तर असे वाटते की आम्ही दुसऱ्यांची आठवण आपली म्हणून मान्य केली होती.

'मदर इंडिया' आणि 'दीवार' यांचे नाते मात्र आम्हांला कोणी सांगावे लागले नाही. सलीम-जावेद यांनी जुन्या कथेला नवे रूप दिले, हे शहरातल्या प्रेक्षकाला अठरा वर्षांपलीकडचे आठवून कळले असेल. आमच्यापुढे दोन्ही चित्रपट एका महिन्यात, एकाच पडद्यावर, त्याच बाकांवर बसून आले. तुलना आपोआप झाली. बिरजू आणि विजय यांच्यात अधिक दोषी कोण, यावर गावातल्या हॉटेलात वाद झडे, आणि त्या वादात भाग घेणारे बरेचसे लोक सावकारीचा अनुभव घरात घेतलेले होते.

'शोले'ची गोष्ट याहून निराळी. तो आम्ही १९७७ च्या संक्रांतीच्या आठवड्यात पाहिला, म्हणजे प्रदर्शनानंतर सतरा महिन्यांनी. पण तो दारव्ह्यात त्याच्या फार आधी पोहोचला होता. गाण्यांपेक्षा संवाद गाजताहेत हे पाहून पॉलिडॉर कंपनीने संवादांची ध्वनिमुद्रिका काढली, आणि ती लाउडस्पीकरवाल्यांच्या पेटीत जाऊन पडली. लग्न असो, बारसे असो, गणपती असो की शारदोत्सव, मांडवात गब्बरसिंग बोलू लागे. त्याचा चेहरा कसा आहे हे ठाऊक नसताना त्याचे हसणे, थांबे, धमकीतले चढउतार आम्हांला पाठ होते. शेवटी पडदा उजळला तेव्हा प्रेक्षक नटाच्या आधी बोलत होते. मागच्या बाकांवरून आलेले वाक्य आणि पडद्यावरचे वाक्य यांत क्षणाचे अंतर पडे, आणि पडद्यावरचेच मागाहून आल्यासारखे वाटे. ही आस्वादाची रीत दिवाळीतल्या दंडारीत, कीर्तनात, रामलीलेत जुनीच आहे : पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते, पाहायचे असते ते या वेळी कसे होते. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ७० मि.मी.च्या भव्य पडद्यावर ज्यांनी पहिल्या आठवड्यात 'शोले' पाहिला त्यांना धक्का मिळाला असेल. आमच्या ३५ मि.मी.च्या पडद्यावर धक्क्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही पडताळा घ्यायला गेलो होतो. खरे सांगायचे तर गब्बर आमच्या कल्पनेपेक्षा थोडा लहानखुरा निघाला.

'जय संतोषी माँ' आमच्या वहीत नोव्हेंबरअखेर आहे, शुक्रवारी, आईबरोबर. थिएटरच्या दाराशी चपलांचा ढीग, पडद्यापुढे नारळ फुटताहेत, मातेचे दर्शन होताच पडद्यावर चिल्लर उडते : हे वर्णन देशभरातल्या आठवणींत सारखेच आढळते आणि आमचेही त्याहून वेगळे नाही. वेगळे आहे ते प्रेक्षकांचे असणे. नोव्हेंबर हा वेचणीचा महिना. वेचणी बहुतांशी बायका करतात आणि मजुरी वजनावर, हातात मिळते. वर्षातले हे थोडेच आठवडे असे, की खेड्यांतल्या बाईकडे स्वतः मिळवलेले, कुणाला न विचारता खर्च करता येतील असे दोन रुपये असतात. मालकाने तो चित्रपट नोव्हेंबरात आणला तो भक्तीमुळे नव्हे. त्या पंधरवड्यात बायकांची बाजू पुरेना, म्हणून पुरुषांचे बाक मागे सरकवावे लागले. असे दारव्ह्यात आम्ही पुन्हा कधी पाहिले नाही.

शहरी समीक्षेने या चित्रपटाला त्या वेळी हसून सोडून दिले आणि पुढे समाजशास्त्रज्ञांनी त्याला गंभीरपणे घेतले. दोघांनीही संतोषी माता ही अकस्मात प्रकटलेली देवता मानली. आमच्या आईला ती अकस्मात वाटली नाही. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी ऐकणे-सांगणे हे घराघरांतले नेमाचे काम होते. व्रत, त्यात घडलेली चूक, त्यापायी आलेली दैना, पुन्हा व्रत आणि मग साठा उत्तरांची सुफळ समाप्ती, हा कहाणीचा घाट तिच्या कानाखालचा होता. चित्रपटाने देवी नवी दिली, घाट तोच ठेवला. परत येताना ती आंबट खाण्यावरच्या बंदीबद्दल बोलत होती : चिंच वर्ज्य म्हणजे वरणाचे काय करायचे? मराठी कहाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी या चित्रपटाकडे अजून वळून पाहिलेले नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

काळाचा हा घोळ पडद्यावर एकदा उघडपणे दिसला. फिल्म्स डिव्हिजनचा बातमीपट दाखवणे प्रत्येक चित्रपटगृहावर बंधनकारक होते, आणि बातमीपटाच्या प्रतीही चित्रपटांप्रमाणेच फिरत फिरत येत. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, सरकार पडले, २१ मार्चला आणीबाणी उठली. त्यानंतर आषाढी एकादशीच्या आठवड्यात 'संत तुकाराम' लागला होता. प्रभातचा, १९३६ चा, विष्णुपंत पागनिसांचा. दिवे मालवले आणि बातमीपट सुरू झाला : वीस कलमी कार्यक्रमाची घोडदौड. क्षणभर कोणालाच काही कळेना. मग मागून एक हसू आले, आणि पाहता पाहता सबंध थिएटर हसू लागले. ज्या आवाजाने दोन वर्षे गंभीरपणे आम्हांला शिस्त शिकवली तो तसाच बोलत राहिला, कारण त्याला अजून काहीच कळलेले नव्हते. त्यापाठोपाठ तुकाराम आले आणि सर्व चिडीचूप झाले. चाळीस वर्षांपूर्वीचा चित्रपट त्या दिवशी ताजा होता. शिळा होता तो बातमीपट.

मराठी चित्रपटांविषयी लिहिताना हात जरा जड होतो. ४३ नोंदींत मराठी सहा. दादा कोंडके यांचे तीन, 'पिंजरा', 'साधी माणसं' आणि हा 'संत तुकाराम'. मराठी चित्रपटाचा धंदा पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात; वऱ्हाडात हिंदीचे राज्य. 'सामना' आमच्या वहीत नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, निळू फुले आणि श्रीराम लागू. १९७५ मध्येच तो बर्लिनच्या महोत्सवापर्यंत जाऊन आला. दारव्ह्याला तो आमच्या देखत आला नाही. आम्ही तो १९८१ मध्ये नागपूरला पाहिला, आणि पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली ती सत्ता, तो हिंदुराव, आम्हांला परका होता. आमच्या सत्तेचा चेहरा कापसाच्या काट्यापाशी, जिनाच्या दारात, सोसायटीच्या ऑफिसात असे. 'महाराष्ट्राचे ग्रामीण वास्तव' म्हणून ज्याचा गौरव होतो ते कुठल्या महाराष्ट्राचे, हा प्रश्न कादंबरीच्या बाबतीत विदर्भातल्या लेखकांनी अनेकदा विचारला आहे. चित्रपटाच्या बाबतीत तो विचारायला आमच्याकडे चित्रपटच नव्हता.

आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलमेन यांचा भारतीय चित्रपटाचा इंग्रजी कोश १९९४ मध्ये आला. त्यातल्या चित्रपटांच्या नोंदी सालवार लावलेल्या आहेत, आणि आम्ही तो अजून रोजच्या वापरात ठेवतो. कोशाला दुसरा क्रम घेताच आला नसता. पण प्रदर्शनाचे साल ही निर्मितीची तारीख आहे, वाचनाची नव्हे. आणि ग्रंथांच्या बाबतीत हा फरक आपण केव्हाच मान्य केला आहे. तुकारामाच्या गाथेचा इतिहास लिहिताना तो सतराव्या शतकात संपवून चालत नाही, छापखाना, वारी, शाळेचे पुस्तक या सर्वांतून जावे लागते. चित्रपटगृहांचेही कागद होते. मुंबई प्रांतात १९२३ पासून करमणूक कराचा कायदा होता आणि पुढे राज्यभर तिकिटांचा हिशेब सरकारला द्यावा लागे : कोणता खेळ, किती तिकिटे, कोणत्या वर्गाची. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि तो हिशेब देण्याचे कारण उरले नाही. महाविद्यालयांतून दर वर्षी 'साहित्य आणि चित्रपट' या विषयावर प्रबंधिका होतात; बहुतेकींत कादंबरी आणि तिचे रूपांतर यांची तुलना असते. आपल्या तालुक्यातल्या एका पडद्यावर एका वर्षात काय काय लागले, एवढीच यादी कोणी तारखांसह करून दिली तर आम्ही ती आधी वाचू.

वहीतली शेवटची नोंद १९७७ च्या दसऱ्याची. कापूस नुकता फुटू लागला होता, नवा चित्रपट यायला महिना होता, म्हणून मालकाने पुन्हा 'दीवार' लावला होता. प्रत बहुधा तीच, आणखी एक वर्ष फिरून आलेली. विजय बूट पॉलिश करतो त्या प्रसंगातले काही गेले होते, आणि शेवटी देवळात आईच्या मांडीवर तो बोलू लागतो न लागतो तोच दिवे लागले. अभिप्रायाच्या रकान्यात लिहिले आहे : 'मागच्या वेळेपेक्षा लहान'.